परीक्षा देणार कोण, घेणार कोण? : जाहिरातींतली आणि बोलण्यातली इंग्रजी क्रियापदं

शाळेतल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात एक नियम हमखास असतो. लव्ह, नो, वॉन्ट, बिलीव्ह, अंडरस्टँड ही मनाची स्थिती सांगणारी क्रियापदं आहेत, त्यांना ‘आयएनजी’ लावायचं नाही. ‘आय अ‍ॅम नोइंग’ लिहिलं की वहीत लाल शाई ठरलेली. आणि २००३ साली मॅकडोनाल्ड्सनं म्युनिकहून जगभर जी मोहीम सुरू केली, तिचं घोषवाक्य होतं ‘आयम लव्हिन इट’. हेये अँड पार्टनर या जर्मन एजन्सीकडून आलेलं हे वाक्य वीस वर्षांनंतरही टिकून आहे. मग नियम खोटा की जाहिरात चुकीची?

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘आय लव्ह इट’ म्हणजे हा पदार्थ मला आवडतो, कालही आवडायचा, उद्याही आवडेल. ‘आयम लव्हिन इट’ म्हणजे घास तोंडात आहे आणि आत्ता मजा येतेय. मराठी माणसाला हा फरक खरं तर समजावून सांगावा लागू नये. ‘मला हे गाणं आवडतं’ आणि ‘मला हे गाणं आवडतंय’ यांतला फरक आपण विचार न करता पाळतो. शेवटचा ‘ग’ गिळलाय तो मुद्दाम. ती सैल, घरगुती बोलण्याची खूण आहे. केएफसीच्या ‘फिंगर लिकिन गुड’मध्येही तीच आहे. हे वाक्य पकडतं ते नियम मोडल्यामुळे नव्हे. ऐकणाऱ्याच्या कानात सरळ रूप पक्कं बसलेलं असतं, म्हणून वाकवलेलं रूप त्याला जाणवतं.

आपली अडचण इथून पुढे आहे. मराठीतला ‘-तंय’ फार लांबवर पोचतो. कळतंय, दिसतंय, ऐकू येतंय, वाटतंय, आठवतंय, दुखतंय, सगळं चालतं. इंग्रजीतली ‘आयएनजी’ यातल्या बहुतेक ठिकाणी पाय ठेवत नाही. म्हणून ‘कळतंय मला’चं ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ होतं आणि ‘डोकं दुखतंय’चं ‘माय हेड इज पेनिंग’. बोलीतलं इंग्रजी इथे साधा वर्तमानकाळ वापरतं: ‘आय सी’, ‘आय थिंक सो’, ‘आय रिमेंबर’, ‘माय हेड हर्ट्स’. पाहणं आणि ऐकणं या दोन क्रियांना तर ते चक्क ‘कॅन’ जोडतं. ‘मला दिसतंय’ म्हणजे ‘आय कॅन सी इट’. ‘ऐकू येतंय’ म्हणजे ‘आय कॅन हिअर यू’. ऑनलाइन मीटिंगमध्ये आपल्याकडे दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतं, ‘अ‍ॅम आय ऑडिबल?’, ‘इज माय स्क्रीन व्हिजिबल?’ व्याकरण शुद्ध आहे, पण वाक्य प्रयोगशाळेच्या अहवालातलं वाटतं. ‘कॅन यू हिअर मी?’, ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’ एवढं पुरतं.

या ‘आयएनजी’च्या हौसेवर हसत हसत बोट ठेवणारा कवी मुंबईचाच होता. निस्सीम इझिकेल हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली घराण्यातले. त्यांच्या ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत निरोप समारंभाचं अख्खं भाषण या चालू काळातच चालतं. ती एकदा मोठ्यानं वाचून बघा. आपल्या कार्यालयातलं कुणी ना कुणी त्यात सापडतं.

हॅव या क्रियापदापाशी जरा थांबावं लागेल, कारण इथे एकाच शब्दाचे दोन स्वभाव आहेत. ‘माझ्याकडे गाडी आहे’ हे मालकीचं वाक्य आहे, तिथे ‘आय हॅव अ कार’, किंवा ब्रिटिश वळणानं ‘आय हॅव गॉट अ कार’. ‘आय अ‍ॅम हॅविंग अ कार’ ऐकलं की परक्याला वाटतं, हा गाडी खातोय की काय. कारण हॅवचा दुसरा अर्थ खाणं, पिणं, उपभोगणं असा कृतीचा आहे आणि तिथे ‘आयएनजी’ खुशाल लागते: ‘वी आर हॅविंग टी’, ‘शी इज हॅविंग अ बेबी’. जाहिरातवाल्यांना हा दुसरा हॅव फार प्रिय. ‘हॅव अ ब्रेक, हॅव अ किटकॅट’मध्ये विश्रांतीही हॅव आणि चॉकलेटही हॅव, एकाच क्रियापदानं दोन्ही गोष्टी एका पंगतीत बसवल्या. कोका-कोलाच्या १९७९ च्या ‘हॅव अ कोक अँड अ स्माइल’मध्येही हीच युक्ती होती. स्वतः वापरताना चाचणी सोपी आहे. ‘आहे’ म्हणायचं असेल तर नुसतं हॅव. ‘घेतोय, खातोय, अनुभवतोय’ म्हणायचं असेल तर हॅविंग.

ही दोन्ही घोषवाक्यं आज्ञार्थी आहेत, तरी ती उद्धट वाटत नाहीत. इंग्रजीत आज्ञार्थाचा उद्धटपणा फायदा कुणाचा यावर ठरतो. ‘हॅव अ सीट’, ‘टेक केअर’, ‘हेल्प युअरसेल्फ’ यांत भलं ऐकणाऱ्याचं, म्हणून ‘प्लीज’ची गरजही नाही. ‘गिव्ह मी दॅट फाइल’मध्ये काम माझं, म्हणून तिथे ‘कॅन यू’ किंवा ‘कुड यू’ हवंच. आपण ‘जरा ती फाइल देता का?’ म्हणतो तेव्हा ‘जरा’ आणि ‘का’ जे काम करतात, तेच हे ‘कुड यू’ करतं. ‘काइंडली’ लावून मात्र हे साधत नाही. त्यानं वाक्य नम्र न होता सरकारी होतं.

नायकीचं ‘जस्ट डू इट’ १९८८ चं. ते लिहिणाऱ्या डॅन विडेननं नंतर सांगितलं होतं की गॅरी गिलमोर या खुन्यानं १९७७ मध्ये यूटात गोळीबार पथकाला सामोरं जाताना काढलेल्या ‘लेट्स डू इट’ या शब्दांवरून त्याला ते सुचलं. लेट्स गेलं, जस्ट आलं. ‘चला करूया’चं ‘कर की आता!’ झालं. एवढ्याशा बदलानं वाक्य कुणा टोळीचं न राहता एकट्या धावणाऱ्याचं झालं.

आता शीर्षकातल्या परीक्षेकडे येऊ. माझ्या मते मराठी माणसाचं इंग्रजी काळांपेक्षा जास्त इथे अडखळतं, क्रियापदाच्या सोबत्यांपाशी. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि विद्यापीठ ती घेतं. इंग्रजीत नेमकं उलटं. विद्यार्थी ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतो. ‘आय गेव्ह माय एक्झाम’ असं मुंबईच्या मुलानं लंडनमध्ये सांगितलं, तर समोरचा विचारेल, कुणाला दिलीस? याच माळेतले बाकीचे मणी: गोळी आपण खातो, इंग्रज ‘टेक’ करतो. दिवा आपण बंद करतो, तो ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ करतो. ‘क्लोज द लाइट’ म्हटलं की त्याला दार आठवतं. सर्दी आपल्याला होते, इंग्रज ती ‘कॅच’ करतो. स्वप्न आपल्याला पडतं, तो ‘हॅव’ करतो. फोन आपण कट करतो, तो ‘हँग अप’ करतो. कॉलेजातून आपण पासआउट होतो; तो ‘ग्रॅज्युएट’ होतो, आणि ‘पास आउट’ म्हणजे त्याच्या लेखी शुद्ध हरपून पडणं. पदवीदान समारंभाच्या बातमीत हे वाचलं तर तो रुग्णवाहिका बोलावील.

यात तर्क शोधत बसू नका. परीक्षा द्यायची की घ्यायची याला तर्क नाही, रूढी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि वाक्यरचनेचा पाया त्यांनी पक्का केला, याबद्दल त्या पुस्तकांचे उपकारच आहेत. पण शब्दाला शब्द ठेवण्याची सवयही तिथूनच लागली. क्रियापद एकटं पाठ केलं की फसतं. ते जोडीनं पाठ करायचं: ‘एक्झाम’ नव्हे, ‘टेक अ‍ॅन एक्झाम’, ‘मिस्टेक’ नव्हे, ‘मेक अ मिस्टेक’. ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाला हे जपानमध्ये शिकवताना उमगलं. त्यानं परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला. आज ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून मिळतो तो त्याचाच वंशज. त्याचा भर होता तो क्रियापदांच्या साच्यांवर, म्हणजे कुठल्या क्रियापदामागे काय येतं यावर. घरात इंग्रजी-मराठी कोश असेल तर असू द्या, पण शेजारी असा एक विद्यार्थी-कोश ठेवा आणि अर्थ सोडून त्यातली उदाहरणं वाचा. ‘डिस्कस’ उघडलंत तर पुढे ‘अबाउट’ दिसणार नाही. ‘मॅरी’पुढे ‘विथ’ दिसणार नाही. ‘कोप’पुढे ‘अप’ दिसणार नाही.

‘करणे’ हा तर आपला सगळ्यात मोठा सापळा. मराठीत कुठल्याही नामाला करणे जोडलं की क्रियापद तयार: फोन करणे, मेसेज करणे, गूगल करणे. इंग्रजीत नामच क्रियापद होऊन बसतं. ‘फोन कर’ म्हणजे ‘कॉल मी’, ‘मेसेज कर’ म्हणजे ‘टेक्स्ट मी’, ‘गूगल कर’ म्हणजे ‘गूगल इट’. मध्ये ‘डू’ घुसवायचं नाही. गूगल हे क्रियापद २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेलंही. त्याआधी याहूनं ‘डू यू याहू?’ असं विचारून आपल्या नावाचं क्रियापद करण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. झेरॉक्स कंपनीचं दुखणं उलटं होतं; आमच्या नावाचं क्रियापद करू नका, अशा जाहिराती तिला द्याव्या लागल्या. आपण मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात ‘झेरॉक्स काढतो’, मग यंत्र कुठल्याही कंपनीचं असो. जिथे करणेचं खरोखर काही होतं तिथे ते ‘डू’ आणि ‘मेक’ यांत फुटतं. ढोबळ खूण अशी की काम उरकायचं असेल तर डू: होमवर्क, शॉपिंग, डिशेस. काही नवं निर्माण होत असेल तर मेक: चहा, चूक, आवाज, योजना, पैसे. खूण ढोबळच आहे, अपवाद निघतील.

जाहिराती वाचताना एक सवय लावून घ्या. घोषवाक्य दिसलं की त्याची घडी उलगडायची, गाळलेले शब्द परत घालायचे. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दूध-प्रक्रिया उद्योगासाठी गुडबी सिल्व्हरस्टीन या एजन्सीनं ‘गॉट मिल्क?’ ही मोहीम केली. पहिल्या जाहिरातीत एका इतिहासवेड्या माणसाला रेडिओवरून फोन येतो: अलेक्झांडर हॅमिल्टनला गोळी कुणी घातली? उत्तर त्याला ठाऊक आहे, पण तोंडात शेंगदाण्याच्या लोण्याचा बोकाणा आहे आणि दूध संपलंय. बक्षीस जातं. दिग्दर्शक मायकेल बे, तेव्हा अजून सिनेमाकडे वळलेला नव्हता. ‘गॉट मिल्क?’ उलगडलं की ‘हॅव यू गॉट मिल्क?’ सहायक क्रियापद आणि कर्ता दोन्ही गळाले. बोलताना हे सतत गळतात: ‘कमिंग?’, ‘वॉन्ट टी?’, ‘सीन माय कीज?’ आपणही ‘येतोस?’, ‘चहा घेतोस?’ म्हणतोच. फरक इतकाच की आपलं क्रियापद कर्ता पोटात घेऊन फिरतं, त्यामुळे तो गाळला तरी कळतो. इंग्रजीला संदर्भावर विसंबावं लागतं. म्हणून गाळणं समोरासमोर चालतं, पत्रात नाही. आणि उलगडून नीट वाक्य होत नसेल, तर ते घोषवाक्य नव्हे, नुसती शब्दांची जुडी.

अ‍ॅपलच्या १९९७ च्या ‘थिंक डिफरंट’वर शिक्षकांनी बरीच नाकं मुरडली, ‘डिफरंटली’ हवं होतं म्हणे. स्टीव्ह जॉब्जचं म्हणणं होतं, आम्हाला विचार ‘कसा’ ते सांगायचं नाही, ‘कशाचा’ ते सांगायचंय. ‘थिंक बिग’ म्हणतात तसं. शिवाय आयबीएमचं जुनं ब्रीद नुसतं ‘थिंक’ होतं, त्याला मारलेली ही कोपरखळीही होती. मला जॉब्जचं पटतं. आपल्याकडे ब्रिटानियानं त्याच वर्षी ‘ईट हेल्दी, थिंक बेटर’ आणलं. तिथेही काटेकोर व्याकरण ‘हेल्दिली’ मागेल, पण तोंडानं कुणी ते म्हणत नाही. गंमत वेगळीच आहे. हे पाहून आपल्याकडचे होर्डिंगवाले धडा घेतात की ‘ली’ कापलं की इंग्रजी आधुनिक होतं, आणि मग ‘लिव्ह रॉयल’, ‘ट्रॅव्हल लक्झरी’ असले फलक पुणे-नाशिक रस्त्यावर उगवतात. थिंकमागे विचाराचा विषय बसू शकतो. ट्रॅव्हलमागे चैन बसत नाही, ‘ट्रॅव्हल इन लक्झरी’ म्हणावं लागतं. थोडक्यात, ‘ली’ कापण्याआधी उरलेला शब्द त्या क्रियापदाशेजारी एरवी बसतो का ते पाहा.

इंग्रजी बोलीचा खरा ऐवज लहान क्रियापदांत आहे: गेट, पुट, टेक, फाइंड, आणि त्यांच्या मागे येणारे अप, आउट, ऑफ, विथ. पुस्तकी इंग्रजी शिकलेला माणूस ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘कमेन्स’, ‘परचेस’ म्हणतो. रस्त्यावरचा इंग्रज ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘स्टार्ट’, ‘बाय’ म्हणतो. चुलत्याच्या घरी जाऊन ‘मी आपल्या निवासस्थानी भोजन ग्रहण करीन’ म्हटल्यावर जसं होईल, तसं आपलं कमेन्स आणि परचेस त्यांच्या कानाला लागतं. पण ही छोटी क्रियापदं परक्यांना दगाही देतात. डग्लस या जर्मनीतल्या अत्तरांच्या दुकानांच्या साखळीचं घोषवाक्य होतं ‘कम इन अँड फाइंड आउट’, म्हणजे आत या आणि स्वतःच पाहा. कोलोनच्या एंडमार्क या कंपनीनं २००३ मध्ये तपासलं, तर अनेक जर्मनांनी त्याचा अर्थ लावला होता, ‘आत या आणि बाहेर पडायची वाट शोधा’. ‘फाइंड’ आणि ‘आउट’ त्यांनी सुटे वाचले. डग्लसनं पुढे घोषवाक्य बदललं. तुमचं गिऱ्हाईक सांगलीचं असेल तर जाहिरातीत ‘चेक आउट’, ‘टेक ऑन’ असले जोड घालण्यापूर्वी हा किस्सा आठवा. बोलताना ते शिका, फलकावर जपून वापरा.

फलकांचा विषय निघालाच आहे तर दुकानदारांसाठी थोडं. मराठी पाटीवरचं लाडकं क्रियापद ‘मिळेल’. घरगुती डबा मिळेल, फॉल-पिको करून मिळेल, मोबाइल दुरुस्त करून मिळेल. पाटीवर हे उत्तम मराठी आहे. भविष्यकाळात एक आश्वासन आहे. इंग्रजीत नेताना मात्र त्याचं ‘होम टिफिन विल बी अव्हेलेबल हिअर’ होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, अजून सुरू झालेलं नाही. इंग्रजी पाटी भविष्यात बोलत नाही, आणि ‘हिअर’ही म्हणत नाही, कारण पाटी लावली आहे तिथेच ते आहे. एक तर वस्तूचं नाव लिहून मोकळं व्हायचं, ‘होम-कुक्ड मील्स’, नाही तर ‘वी’ आणि साधा वर्तमानकाळ: ‘वी रिपेअर फोन्स’, ‘वी डिलिव्हर’, ‘वी केटर फॉर पार्टीज’. एव्हिसनं १९६२ मध्ये भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यात आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत हे कबूल करून ‘वी ट्राय हार्डर’ म्हटलं, तेही याच साच्यात. ‘दुकान सोमवारी बंद राहील’चं ‘शॉप विल रिमेन क्लोज्ड’ नको. ‘क्लोज्ड मंडेज’ पुरे.

काळांपैकी दोनच गोष्टी सांगतो, बाकी पुस्तकात आहेत. ‘मी इथे पाच वर्षांपासून काम करतोय’ हे मराठीत वर्तमान आहे, म्हणून आपण ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतो. इंग्रजीला भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत आलेली गोष्ट वेगळी दाखवायची असते: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. सिन्सपुढे सुरुवातीचा क्षण येतो, २०१९ किंवा दिवाळी, फॉरपुढे लांबी. दुसरी गोष्ट ‘वुड’. निमंत्रणपत्रिकेवर ‘द प्रोग्रॅम वुड स्टार्ट अ‍ॅट सिक्स’ छापतात, अदब म्हणून. इंग्रज ते वाचून विचारतो, सुरू झाला असता, पण काय आडवं आलं? तिथे ‘स्टार्ट्स अ‍ॅट सिक्स’. वेळापत्रकातल्या गोष्टींना मराठीही ‘गाडी सात दहाला सुटते’ असा वर्तमानच वापरते. इथे आपल्या भाषेवर विश्वास ठेवला की इंग्रजी आपोआप बरोबर येतं.

सगळंच भारतीय इंग्रजी सोलून काढा, असं माझं म्हणणं नाही. ‘प्रीपोन’ हा आपला शब्द इतका सोयीचा आहे की इंग्रजी कोशांनीही तो घेतला. कार्यालयात, आपसांत तो बिनधास्त वापरा. परदेशी पाहुण्याला मेल करताना ‘मूव्ह अप’ किंवा ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा, म्हणजे त्याला कोश उघडावा लागणार नाही. ‘रिव्हर्ट’चं मात्र तसं नाही. आपण ते ‘उत्तर देणे’ या अर्थानं वापरतो, आणि बाहेर त्याचा रुळलेला अर्थ आहे पूर्वस्थितीला जाणं. कराराच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना ‘आय विल रिव्हर्ट’ लिहिलंत, तर पलीकडच्याला वाटू शकतं की ठरलेलं मोडून तुम्ही जुन्या अटींवर परत जाताय. तिथे ‘आय विल गेट बॅक टू यू’ लिहा, आणि शक्य असेल तर कोणत्या दिवशी तेही.